ठिपके योग्य जागी पडले ते तुमच्यामुळे

आदरणीय सर,

जवानांमधल्या आतड्याच्या परजीवींचा नकाशा अखेर पूर्ण झाला. खाली नाव माझं आहे, पण सगळी भिस्त प्रयोगशाळेतल्या तुमच्या नोंदवहीवर होती. म्हणून हे चार शब्द जाहीरपणे.

शौचाचे नमुने तपासणं हे काही कुणी मिरवावं असं काम नाही. तुम्ही मात्र प्रत्येकाकडून वेगवेगळ्या दिवशीचे 3 नमुने मागून घेतलेत, कारण जिआर्डिया या परजीवीच्या सिस्ट, म्हणजे त्याची कवचबंद रूपं, रोज पडतातच असं नाही. जवान कुरकुरले, तुम्ही बधला नाहीत. जंतांची अंडी मोजायच्या काटो-काट्झ पद्धतीच्या स्लाइड लावल्या की जागचे हलायचा नाहीत. त्यातल्या ग्लिसरिनमुळे हुकवर्म या आतड्यातल्या जंताची अंडी तासाभरात दिसेनाशी होतात.

अमीबाचंही तेच. त्याच्या दोन जाती: हिस्टोलिटिका आतडं पोखरतो, डिस्पार निरुपद्रवी. पण सूक्ष्मदर्शकाखाली दोघांच्या सिस्ट हुबेहूब सारख्या. तुम्ही रिपोर्टवर दोन्ही नावं लिहून दोघांतला फरक सांगणारी अँटिजेन चाचणी सुचवायचात. नुसतं 'अमीबा आढळला' लिहून मोकळं होणारे कमी नाहीत.

खरे आभार मात्र त्या जादाच्या रकान्याचे. डबी हातात देतानाच तुम्ही विचारायचात, "याआधी कुठे होतास? पाणी कुठलं प्यायलास? अनवाणी फिरलास का?" हुकवर्मची अळी कातडीतून शिरते आणि शौचात अंडी दिसायला 5-6 आठवडे तरी जातात. तोवर तुकडी दुसरीकडे गेलेली असते. तो रकाना रिकामा असता तर नकाशावरचे सगळे ठिपके आजच्या छावणीवर पडले असते, आणि आम्ही तिथलीच जमीन तपासत बसलो असतो.

स्ट्राँगिलॉइड्स या जंताच्या बाबतीत तर 'याआधी'ला अंतच नाही. तो माणसाच्या शरीरातच पुन्हापुन्हा संसर्ग करत राहतो. दुसऱ्या महायुद्धात बर्मा-थायलंड रेल्वेवर राबलेल्या युद्धकैद्यांमध्ये तो कित्येक दशकांनंतरही सापडला. अशा माणसाला नकळत स्टेरॉइड दिलं तर प्रतिकारशक्ती दबून जिवावर बेतू शकतं. त्यामुळे जुन्या नेमणुकांची तुमची यादी मी नकाशापुरती ठेवलेली नाही, उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडेही दिली आहे.

नव्या फॉर्मवर तुमचा रकाना आता छापूनच येईल. शब्दरचना एकदा नजरेखालून घाला. 'पाणी' या प्रश्नापुढे मी जागा जरा कमीच सोडली आहे असं वाटतंय.

आपला,
नकाशा काढणारा