गणिताच्या तासाला संगणक कोणाच्या हाती?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

इंदुरातील शाळांच्या प्रवेशाच्या जाहिरातींत हल्ली ‘स्मार्ट क्लास’ ठळक अक्षरांत छापलेला असतो आणि राजवाड्यापासून सुदामानगरापर्यंतची आपली मराठी पालक मंडळीही तेवढे वाचून निर्धास्त होतात. गणिताच्या तासाला त्या पडद्यावर काय चालते, याची चौकशी मात्र क्वचितच होते. माझ्या पाहण्यात बहुधा एखादी तयार चित्रफीत लावली जाते, प्रमेयाची सिद्धता रंगीत रेषांनी आपोआप पुढे सरकते आणि मुले ती वहीत उतरवून घेतात. फळ्यावर लिहिणारे शिक्षक निदान मध्येच थांबून मागच्या बाकांकडे बघतात तरी!

संगणकाचा गणितातला खरा उपयोग मुलाने तो स्वतः हाताळण्यात आहे. मार्कुस होहेनवार्टर यांनी ऑस्ट्रियातील साल्झबुर्ग विद्यापीठात 2001 मध्ये ज्याची सुरुवात केली, ते ‘जिओजेब्रा’ हे सॉफ्टवेअर शाळांना मोफत वापरता येते आणि एकदा उतरवून घेतले की इंटरनेटशिवायही चालते. त्यात नववीच्या मुलाने एक चौकोन काढून त्याच्या बाजूंचे मध्यबिंदू क्रमाने जोडले आणि मग एक शिरोबिंदू माउसने धरून हवा तिकडे ओढला, तर बाहेरचा चौकोन कितीही वेडावाकडा झाला तरी आतली आकृती समांतरभुजच राहते. चार-सहा वेळा ओढाताण करून झाली की ‘असे का होते?’ हा प्रश्न मुलाकडूनच येतो, आणि एरवी पाठ करून सोडून दिलेले मध्यबिंदूचे प्रमेय तेव्हा कामाला येते.

संगणकामुळे सिद्धतेची सवय सुटेल, ही जुन्या शिक्षकांची धास्ती निराधार नाही. पडद्यावर दिसले म्हणजे सिद्ध झाले, असे मुलांना वाटू शकते. पण त्यावरचा उपायही तिथेच सापडतो. त्रिकोणाचे तिन्ही कोन दोन दशांश स्थळांपर्यंत दाखवले आणि मुलांना हाताने बेरीज करायला सांगितली, तर ती कधीकधी 180.01 भरते, कारण प्रत्येक कोन स्वतंत्रपणे पूर्णांकित केलेला असतो. ही विसंगती झाकून न ठेवता तिथेच शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढून सिद्धता करून घ्यावी. मोजमापाने जे साधले नाही ते तिने सर्व त्रिकोणांसाठी एकदम साधते, हे मुलांना तेव्हा पटते. पाढे आणि अवयव पाडणे अर्थातच कागदावरच व्हावे.

अडचण यंत्रांपेक्षा वेळापत्रकाची अधिक आहे. बहुतेक शाळांत संगणक कक्ष असतो, परंतु तो संगणक विषयाच्या तासांपुरताच उघडतो. सीबीएसईच्या दहावीत गणिताच्या 20 अंतर्गत गुणांपैकी 5 प्रयोगशाळेतील कृतींसाठी आहेत. ते कागदाच्या घड्या आणि चिकटवह्यांवर उरकण्याऐवजी पंधरवड्यातून एक तास गणित शिक्षकांना संगणक कक्षात मिळावा आणि एका संगणकावर दोनच मुले बसवावीत. केरळच्या सरकारी शाळांत जिओजेब्रा अनेक वर्षे वापरात आहे, त्यामुळे ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही. पुढच्या पालक-शिक्षक सभेत ‘स्मार्ट क्लास आहे का?’ असे विचारण्याऐवजी गणिताचा तास संगणक कक्षात कोणत्या वारी असतो, हे पालकांनी विचारावे.

आपली,
एक निवृत्त गणित शिक्षिका, इंदूर