जुन्यासारखे दिसणारे कापड आधी धुवा, मग कापा

महोदय,

थंडीच्या तोंडावर वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत ठिगळांच्या गोधडीचे नमुने छापून येतात. फोटो देखणे असतात, माप मात्र अर्धवट असते. 'तीन इंचांचे नऊ चौकोन जोडा' एवढे वाचून शिवायला बसलेल्या बाईचा तुकडा नऊऐवजी साडेसात इंचच भरतो, कारण तीन इंच हे कापायचे माप की शिवून उरणारे, हे कुणी सांगितलेलेच नसते.

आपल्या विदर्भातल्या खेड्यांत वाकळ शिवली जायची ती जुन्या सुती लुगड्यांची आणि धोतरांची. वर्षानुवर्षे धुऊन ते कापड पुरते आटलेले असे, जायचा तो रंगही गेलेला असे. आता घरात सुती लुगडे क्वचित सापडते, म्हणून बारीक फुलांचे, फिकट चौकड्यांचे, जुन्या वळणाचे नवे सुती कापड घेतात. दिसायला ते जुने असले तरी असते कोरेच. त्यात खळ असते आणि पहिल्या धुण्यात ते शेकडा तीन ते पाच आटते. खादी त्याहूनही जास्त. न धुता शिवले तर एक चौकोन आटतो, शेजारचा तसाच राहतो आणि पहिल्याच धुण्यात गोधडीला चुण्या पडतात. लाल, मरून आणि गडद निळ्या कापडाचा ओला कोपरा पांढऱ्या फडक्यावर घासून बघा. रंग उतरला तर पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा, तरीही उतरत राहिला तर ते कापड बाजूला ठेवा. मिठाच्या पाण्यात भिजवून असा रंग पक्का होत नाही.

नऊ चौकोनांचा साधा तुकडा शिवून नऊ इंच हवा असेल, तर प्रत्येक चौकोन साडेतीन इंच कापावा लागतो. पाच गडद, चार फिकट. गडद चौकोन चार कोपऱ्यांत आणि मधोमध. आधी कापडाचे काठ काढून टाका, ते विणीत घट्ट असतात आणि शिवण ओढतात. उभ्या-आडव्या धाग्याला धरूनच कापा, कारण उरेबात, म्हणजे तिरपा, गेलेला चौकोन इस्त्रीखालीही ताणतो. सिंथेटिक साडीचा तुकडा यात मिसळू नये. तो सरकतो, घडी धरत नाही आणि सुतीला लागणाऱ्या गरम इस्त्रीने आकसतो.

खरी मेख शिवणीत आहे. शिवण पाव इंच, म्हणजे दोन सूत. प्रत्येक शिवणीत दोन्ही बाजूंना अर्धे अर्धे सूत जास्त गेले, तरी दोन शिवणींत पाव इंच जातो आणि कडेची शिवण धरून साडेनऊ भरायला हवा तो तुकडा सव्वानऊ भरतो. मग तो शेजारच्या साध्या, एकसंध चौकोनाशी जुळत नाही, आणि ओढून जुळवला की झोळ येतो. मशीनचा पाय पाव इंचाचा असेलच असे नाही. सुईपासून पाव इंच मोजून मशीनच्या पट्टीवर चिकटपट्टी लावा आणि कापडाची कड तिला टेकवून चालवा. हाताने शिवत असाल तर पेन्सिलीने रेघ ओढून धावदोरा घाला, दर चार-पाच टाक्यांनी एक उलट टाका.

तीन ओळी वेगवेगळ्या शिवून इस्त्रीने शिवणी गडद कापडाकडे वळवा. पहिल्या आणि तिसऱ्या ओळीच्या शिवणी बाहेर जातात, मधलीच्या आत. त्यामुळे ओळी जोडताना कोपरे एकमेकांत नेमके बसतात आणि जाड गाठ होत नाही. इस्त्री दाबून उचला, घासू नका.

सुमारे 63 बाय 90 इंचांच्या गोधडीला असे 35 तुकडे आणि त्यांच्यामध्ये एकाआड एक बसवायला साडेनऊ इंचांचे 35 साधे चौकोन लागतात. 44 इंच पन्ह्याचे गडद कापड पावणेदोन मीटर, फिकट दीड, साध्या चौकोनांसाठी अडीच मीटर घ्यावे. आटणे त्यात धरले आहे. अस्तर चारही बाजूंनी दोन इंच मोठे ठेवा. आत जुनी धोतरे असतील तर धावदोऱ्याच्या ओळी एकमेकींपासून थोड्या दूर असल्या तरी चालतात. पिंजलेला कापूस भरलात तर दर दोन इंचांवर धावदोरा हवाच, नाहीतर धुतल्यावर त्याचे गोळे होतात. टाचायला मधून सुरुवात करून कडेकडे जा. कडेने आत आलात तर मधोमध फुगा राहतो.

बचत गटांच्या प्रशिक्षणात थेट मशीनवर बसवतात. पहिला दिवस धुणे, मोजणे आणि कापणे यालाच द्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. पुरवण्यांना विनंती एवढीच की, नमुन्यासोबत कापायचे माप आणि शिवून झालेले माप अशी दोन्ही छापावीत.

– गोधडी शिवणाऱ्या महिला, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ