टोमॅटो माना टाकतो तेव्हा पाणी घालू नका

संपादक महोदय,

गच्चीत, परसात लावलेले टोमॅटो ऐन फुलोऱ्यात एकाएकी माना टाकतात. पाणी कमी पडले असेल म्हणून लोक आणखी पाणी घालतात आणि नुकसान वाढते. माती ओली असूनही झाड कोमेजले, तर झारी बाजूला ठेवून आधी खोड तपासावे.

जमिनीलगतच्या खोडाचा बोटभर तुकडा कापून त्याचे टोक काचेच्या पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात स्थिर धरावे. चार-पाच मिनिटांत टोकातून दुधासारखा पांढरट धागा खाली उतरू लागला, तर तो जिवाणूजन्य मर रोग. यात पाने हिरवी असतानाच झाड लुळे पडते. कोकणातल्या दमट हवेत आणि आम्लधर्मी जमिनीत हा हमखास भेटतो. धागा निघाला नाही, खालची पाने आधी पिवळी पडली (पुष्कळदा एकाच बाजूची) आणि खोड उभे चिरल्यावर सालीखाली तपकिरी रेघा दिसल्या, तर ती फ्युजेरियम बुरशी. मुळांवर गाठी असल्या तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे सूक्ष्म जंत.

मर लागलेले झाड वाचत नाही. पाणी वर नेणाऱ्या नलिकाच आतून तुंबलेल्या असतात, तिथे फवारणी काय करणार? झाड मुळांभोवतीच्या मातीसकट उपटावे. ते कंपोस्टच्या ड्रममध्ये टाकणे ही सर्वांत महाग पडणारी चूक, कारण तेच खत पुढे सगळ्या कुंड्यांत जाते. सुरी, खुरपे स्पिरिटने पुसावे.

त्या मातीत निदान 2-3 वर्षे टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा नको. मेथी, मका चालेल. एप्रिल-मेमध्ये माती ओली करून, वीतभर थर पसरून, पारदर्शक प्लास्टिकखाली 4 ते 6 आठवडे तापवावी. कडा मातीने दाबाव्यात, नाहीतर वाफ निसटते. सगळे रोगजंतू मरत नाहीत, पण बरेच घटतात.

नव्या लागवडीसाठी 1 किलो कुजलेल्या, ओलसर शेणखतात 10 ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगकारक बुरशीला रोखणारी उपयुक्त बुरशी) मिसळून आठवडाभर सावलीत गोणपाटाखाली ठेवावे आणि कुंडीला दोन मुठी द्यावे. हा उपाय बुरशीवर आहे, जिवाणूवर त्याचा भरवसा धरू नये. जिवाणूजन्य मर असलेल्या भागात प्रतिकारक वाणच लावावा. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा ‘अर्का रक्षक’ तसा आहे.

पण वाण कळणार कसा? रोपवाटिकांत रोप ‘गावठी’ किंवा ‘हायब्रीड’ एवढेच सांगून विकतात. रोपांच्या ट्रेवर वाणाचे नाव लिहिणे त्यांना सक्तीचे करावे, ही कृषी विभागाला विनंती.

– एक वाचक, सावंतवाडी