बाबांच्या खुर्चीच्या मापाने

नाशिक, रविवार

ती. बाबा आणि प्रिय आई,
साष्टांग नमस्कार.

फोनवरच बोलले असते, पण बाबा दोन वाक्यांत फोन आईकडे देऊन मोकळे होतात. म्हणून पत्र.

काल गंगापूर रोडकडच्या एका आर्ट गॅलरीत जाऊन आले. सोबत बाबांची जुनी स्टीलची टेप नेली होती. चित्रं निम्मीच पाहिली, मापं जास्त घेतली.

बाबा, ‘आजकालची चित्रं मला कळत नाहीत’ हे गॅलरीत न येण्याचं तुमचं कारण मला पटत नाही. येवल्यात तीस वर्षं पोरांना चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसवणारा माणूस न कळण्याला कधीपासून घाबरायला लागला? खरं कारण मला ठाऊक आहे. त्या लग्नात हॉलच्या आठ पायऱ्या चौघांनी तुम्हाला चाकांच्या खुर्चीसकट उचलून चढवलं आणि वर पोचल्यावर कुणीतरी टाळ्या वाजवल्या. तेव्हा मी तुमच्याकडेच बघत होते.

तर आता गॅलरी. दाराशी रॅम्प आहे. पण जोतं दोन फूट उंच आणि रॅम्प नऊ फुटांत संपतो. हिशेब तुमच्या आवडीचा आहे: एक फूट चढायला बारा फूट लांबी, म्हणजे इथे २४ फूट हवी. वॉचमन सरळ माणूस. म्हणाला, “ताई, हा माणसांसाठी नाही, पुतळे चढवायला केलाय.” आणि आता पुतळेही चढत नाहीत, कारण मधोमध दोन कुंड्या आहेत!

शेजारच्या पार्किंगमधून मात्र एक दार थेट फरशीच्या पातळीला उघडतं. रुंदी ३८ इंच, तुमची खुर्ची २६. एरवी कुलूप असतं, किल्ली काढून ठेवायला सांगितलं आहे. तुम्हाला बाजूच्या दाराने या म्हणताना जीव कसनुसा होतो, पण उचलून नेण्यापेक्षा बरं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात लोकांची ये-जा असलेली खासगी इमारतही येते आणि जुन्या इमारतींत सोयी करण्याची मुदत २०२२ मध्येच संपली. हे मी तिथल्या व्यवस्थापकांना सांगितलं. त्यांनी मला चहा दिला.

आत गेल्यावर तुमच्या उंचीने बघावं म्हणून गुडघ्यांवर बसले. गोदाघाटाचं एक मोठं जलरंग चित्र होतं, नारोशंकराच्या देवळाच्या बाजूचं. उभं राहून बघताना ओल्या पायऱ्यांवरचा उजेड फार सुंदर दिसत होता. खाली बसले तर काचेत फक्त ट्यूबलाइट. जरा डावीकडे सरकले की घाट, उजवीकडे ट्यूबलाइट. नावाची पट्टी तर वाचताच येईना.

मधल्या खोलीत कांद्याच्या लाल जाळीच्या गोण्या छतापासून टांगल्यात, आत बाजार समितीच्या हिशेबपट्ट्या. त्यांच्यामधून चालत जायचं, म्हणजे वास येतो, जाळी गालाला घासते. बाबा, हे तुम्हाला कळणार नाही? वाट २२ इंचांची आहे. करणारी मुलगी तिथेच होती. टेप बघून आधी वैतागली, मग म्हणाली, “चार गोण्या सरकवते. माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.”

तिथे एक अंध मुलगी मैत्रिणीबरोबर आली होती. मैत्रीण वर्णन करत होती, ही गोण्यांतून दोनदा जाऊन आली. पुढच्या खोलीत मात्र ‘हात लावू नये’. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात २०१५ पासून ‘अनुभव’ नावाचं दालन आहे, तिथे संग्रहातल्या वस्तूंच्या २२ प्रतिकृती हात लावून बघायलाच ठेवल्यात. इथे एखादी तरी ठेवायला काय हरकत होती?

आई, तुझ्या गुडघ्यांची चौकशी कुणीच करत नाही. अख्ख्या गॅलरीत एक बाक नाही. दोन खुर्च्या ठेवायला सांगितल्यात, तू संकोच न करता बस. टॉयलेटचं दार २३ इंचांचं, आत घडीच्या खुर्च्या रचलेल्या. म्हणून तासाभरात निघायचं. आपलं घर दहा मिनिटांवर आहे.

बुधवारी सकाळी अकराला येतो म्हणून सांगून आलेय. मंगळवारी दुपारी गाडी पाठवते. बाबा, टेप माझ्याकडेच आहे. त्या घाटाच्या चित्राचा मध्य जमिनीपासून ५ फूट २ इंच भरला, पण धरताना माझा हात हलला होता. तुम्ही एकदा मोजून बघा.

तुमची,
सुमी