कुंपणभिंतीचा आणि पोलिसांचा संबंध आहे

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कालच्या अंकातील स्फुट वाचले आणि रात्री झोप लागली नाही, म्हणून हे पत्र. गृहखात्यावरच्या चर्चेत आमदारांनी जिल्हा परिषद शाळांच्या अनुदानाचा विषय काढला, यावर आपण ‘दोन खात्यांची खिचडी’ असा शेरा मारला आहे. शाळेला कुंपणभिंत नाही याचा पोलिसांच्या वागणुकीशी काय संबंध, असे आपण विचारता. मी त्या आमदारांना मत दिलेले नाही. पण त्यांचे भाषण मला समजले, कारण हा संबंध मी डोळ्यांनी पाहिला आहे.

२०१८ च्या दिवाळीची गोष्ट. मी तेव्हा ६२ पटाच्या, सातवीपर्यंतच्या शाळेवर मुख्याध्यापक होतो. ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या सरकारी कार्यक्रमाचे दिवस होते. शाळा डिजिटल करा, असा वरून आग्रह होता आणि पैसे लोकवर्गणीतून उभे करायचे होते. गावाने ते केले. ऊसतोडीला जाणाऱ्या माणसांनी मुकादमाकडून मिळालेल्या उचलीतून शंभर-शंभर रुपये काढून दिले. त्यातून टीव्ही, संगणक, इन्व्हर्टर आणि बॅटरी आली.

आमच्या पटाच्या शाळेला समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून वर्षाला २५ हजार रुपये मिळत. त्यातले दहा टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे, उरलेल्यात खडू, रजिस्टर, दुरुस्ती, वीजबिल सगळे भागवायचे. त्या वर्षी ते पैसेही वेळेवर आले नाहीत, बिल थकले आणि दिवाळीच्या तोंडावर वीज तोडली गेली. कुंपणभिंतीचा प्रस्ताव मी ओळीने तीन वर्षे पाठवला होता. तिन्ही वेळा ‘निधी उपलब्ध झाल्यावर विचार करण्यात येईल’ असा शेरा मारून तो परत आला. सुट्टी संपवून शाळा उघडायला गेलो तर कोयंडा उचकटलेला आणि खोली रिकामी. पोषण आहाराचे तेलसुद्धा नेले होते. अर्धे गाव तोडीला गेलेले, त्यामुळे कोणी काही पाहिले नव्हते.

ठाण्यात फिर्याद घेतली नाही. “गुरुजी, आधी साधा अर्ज द्या, मग बघू,” असे ठाणे अंमलदार म्हणाले. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की गुन्हा नोंदवलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने ललिताकुमारी खटल्यात २०१३ सालीच सांगितले आहे. मला ते तेव्हा माहीत नव्हते. मी चार तास बाकावर बसलो आणि अर्ज लिहून दिला. शाळेला भिंत नाही, रखवालदार नाही, दिवा नाही, हे सगळे त्यात लिहिले. ते वाचून अंमलदारांनी विचारले, “म्हणजे कोणीही आत येऊ शकतं. सुट्टीत तिथं कोण पोरं असतात?”

मी तीन नावे सांगितली. मुले मैदानात खेळायला येतात, एवढेच मला सांगायचे होते.

दुसऱ्या दिवशी परिपाठ चालू असताना जीप आली. भिंत नसल्याने ती थेट मुलांच्या रांगांपर्यंत आली. वर्दीतले दोघे उतरले. तीन नावांपैकी त्यांनी एकच मूल उचलले, पारधी वस्तीवरचे. सातवीत होता, घरातला शाळेत आलेला पहिलाच मुलगा. बाल न्याय कायद्याप्रमाणे अशा वेळी पोलिसांनी साध्या वेशात यायचे असते, आईबापांना लगेच कळवायचे असते, मुलाशी बालकल्याण पोलीस अधिकाऱ्याने बोलायचे असते. यातले काहीच झाले नाही. आणि मी, त्या शाळेचा मुख्याध्यापक, जीपच्या आडवा झालो नाही. “चौकशी करून सोडतो” म्हणाले आणि मी बाजूला सरलो.

दुपारी ठाण्यात गेलो तेव्हा तो भिंतीला टेकून फरशीवर बसला होता. शर्टाचे वरचे बटण तुटलेले. मला पाहून म्हणाला, “सर, मी नाही केलं.” त्याची आजी फाटकाबाहेर बसली होती, आत यायचे धाडस तिला होत नव्हते. संध्याकाळी सोडले. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून काही जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवले, पुढे पारधीही त्यांत आले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी त्या जमाती त्यातून मुक्त झाल्या. चोरीच्या आधीच्या वर्षी शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाला वस्तीवर गेलो होतो, तेव्हा याच आजीने मला सांगितले होते की जीपचा आवाज आला की आम्ही आधी भांडी गोळा करतो.

दीड महिन्याने दुसऱ्या तालुक्यात एका चोरीत दोन माणसे सापडली. आमचा टीव्ही आणि इन्व्हर्टर त्यांच्याकडे मिळाला. ते सांगायला वस्तीवर पोलिसांपैकी कोणी गेले नाही. मी गेलो. एकूण चार वेळा गेलो, चौथ्या वेळी पाले उठलेली होती. मुलगा पुन्हा शाळेत आला नाही. वर्ष संपेपर्यंत त्याचे नाव मी हजेरीत ठेवले आणि रोज पुकारले.

आता सांगा, यात गृहखाते कुठे संपते आणि शिक्षणखाते कुठे सुरू होते? शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च व्हावा, असे कोठारी आयोगाने १९६६ मध्ये सांगितले आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात पुन्हा तेच लिहिले आहे. मला टक्क्यांतले फार कळत नाही. मला लागणारी भिंत १४० मीटर होती, टेपचे एक टोक मी स्वतः धरून ती मोजली होती. पोलिसांबद्दल माझ्या मनात आकस नाही. माझा एक विद्यार्थी हवालदार आहे, त्याची ड्युटी किती तासांची असते ते मी जाणतो. पण प्रकाशसिंह खटल्यात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरणे नेमायला सांगितली होती, हे मला निवृत्त झाल्यावर कळले. त्या आजीला ते कोण सांगणार होते? आमदारांनी सभागृहात हेच विचारले असेल, तर ते योग्य ठिकाणी बोलले.

आणखी एक. त्या वेळी आपल्याच दैनिकाच्या तालुका पानावर चार ओळींची चौकट आली होती. ‘शाळेतील चोरी, विद्यार्थी ताब्यात’. त्यात मुलाचे नाव नव्हते, पण शाळेचे नाव होते आणि ‘पारधी वस्तीवरील’ असेही होते. गावात ते मूल कोण हे वेगळे सांगावे लागले नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे मुलाचे नाव, पत्ता, शाळा, ओळख पटेल असे काहीही छापायला बंदी आहे. खरे चोर सापडल्यावर मी आपल्या कार्यालयाला पत्र पाठवले होते. ते छापले नाही, उत्तरही आले नाही.

ते कात्रण मी जपून ठेवले आहे, त्याची प्रत सोबत जोडली आहे. खुलासा आताही छापता येईल. तो मुलगा आज वीस वर्षांचा असेल, कुठेतरी वाचेल किंवा कोणी त्याला वाचून दाखवेल. खुलाशात शाळेचे आणि वस्तीचे नाव मात्र घालू नका.

आपला,
एक निवृत्त मुख्याध्यापक
(नाव व गाव कृपया प्रसिद्ध करू नये.)