सुर्वे मास्तरांचे बालपण आणि वर्तमानपत्रांच्या जुन्या फाइली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कामगार कवी नारायण सुर्वे यांच्या जन्मशताब्दीनिमित्त आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. लिहिणाऱ्याने जीव ओतला आहे यात शंका नाही. पण बालपणाचा भाग वाचताना 16 ऑगस्ट 2010 ला मास्तर गेले तेव्हाचे मृत्युलेखच पुन्हा वाचतो आहोत असे वाटत राहिले. तेच टाकून दिलेले अर्भक, तीच गिरणी, ते उचलून घरी नेणारे तेच गंगाराम सुर्वे. फक्त दर खेपेला त्या बाळाखालची जागा बदलते. कुणाच्या लेखात ते गिरणीसमोर असते, कुणाच्या फुटपाथवर. आपल्या लेखात ते थेट कचराकुंडीत जाऊन पडले आहे. याला आधार काय, एवढे लेखकाने सांगायला हवे होते. मूळ हकिगत पुरेशी दाहक आहे, तिला वरून फोडणीची गरज नाही.

आपल्याकडे खरा ऐवज किती आहे? गंगाराम कुशाजी सुर्वे इंडिया वुलन मिलमध्ये स्पिनिंग खात्यात कामाला, काशीबाई कमला मिलमध्ये. त्यांनी सापडलेले मूल घरी नेले, नाव दिले, शाळेत घातले. चौथी झाली. पुढे गंगाराम निवृत्त होऊन कोकणात निघाले तेव्हा मुलाच्या हातावर दहा रुपये ठेवून गेले. नंतर घरगडी, कपबश्या विसळणारा पोऱ्या, दूध टाकणारा, हमाल, गिरणी कामगार, शाळेतला शिपाई आणि 1961 साली महापालिकेच्या शाळेत मास्तर. हे सारे सुर्व्यांनी स्वतः सांगितलेले आणि ‘माझे विद्यापीठ’सारख्या कवितांतून झिरपलेले. यातला सुरुवातीचा भाग त्यांनाही ऐकूनच ठाऊक असणार, कारण तान्ह्या मुलाला काय आठवणार? 15 ऑक्टोबर 1926 ही जन्मतारीख आपण सगळे बिनदिक्कत छापतो. रस्त्यावर सापडलेल्या मुलाची तारीख कुणी आणि कशावरून ठरवली, हे कुणी विचारत नाही.

महापालिकेच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाल्यावर मला जुनी वर्तमानपत्रे चाळायचा नाद लागला. 1926 च्या आसपासच्या फाइली ज्यांनी हाताळल्या आहेत त्यांना ठाऊक आहे: कागद तपकिरी पडलेला, घडीवर हात ठेवला की कोपरा बिस्किटासारखा तुटून टेबलावर पडतो, आणि बांधणी इतकी घट्ट की आतल्या कॉलमातले शेवटचे अक्षर शिलाईत गडप झालेले असते. गिरण्यांच्या शेअरचे भाव मात्र नेमाने छापलेले. बाजूला डोंगरे बालामृताची जाहिरात. ती बघताना मनात येई, की याच दिवसांत गिरणगावात एक पोर कुणाच्या तरी फाटक्या धडुत्यात पडले होते.

त्या पोराची बातमी मी पाहिलेल्या फाइलींत नाही, आणि ती का असावी? मूल टाकणे हा गुन्हा होता. दंडविधानाच्या 317 व्या कलमाखाली आई-बापाला सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकत असे. मूल पोलिसांत गेले तर बातमी, खटला उभा राहिला तर मोठी बातमी. गंगारामांनी ते उचलले आणि चाळीत नेले. चौकीत कुणी गेले नसावे, म्हणून कॉलमही रंगला नसावा. त्या बाळाच्या नशिबाने बातमी झाली नाही, असेच मी म्हणेन.

कारण अशा बातम्या कशा लिहिल्या जात हेही फाइलीत दिसते. 1881 साली सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला बालहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली, पुढे ती कमी झाली. त्या वेळी ‘पुणेवैभव’सारख्या पत्रांनी एकूण बायकांच्याच वागणुकीवर तोंडसुख घेतले. बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी 1882 मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’साठी लेखणी उचलली ती याच संतापातून. म्हणून शताब्दीच्या उत्साहात कुणी हौशी माणूस ‘सुर्व्यांची खरी आई’ शोधायला पोलीस वृत्ते उपसू लागला, तर त्याला आपण पुरवणीत जागा देऊ नये अशी माझी विनंती आहे. ती बाई कोण होती हे कवितेला नको आहे आणि आपल्यालाही नको.

मग जुन्या वर्तमानपत्रांत सुर्व्यांसाठी शोधायचे काय? माझ्या मते त्यांचे घर शोधावे. 1928 घ्या. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या सुती गिरण्यांचा सार्वत्रिक संप चालला. दीडएक लाख कामगार घरी बसले. दोन मागांऐवजी तीन माग चालवा, ही मालकांची योजना त्यामागे होती. त्याच संपात गिरणी कामगार युनियन उभी राहिली, डांगे, मिरजकर, आळवे या पुढाऱ्यांची नावे रोज छापून येऊ लागली. सुर्व्यांच्या घरातले पोर तेव्हा दीड-दोन वर्षांचे. आता बघा, काशीबाई ज्या कमला मिलमध्ये होत्या ती बंद असताना घरात काय शिजत होते? आणि गंगारामांची इंडिया वुलन ही तर लोकरीची गिरणी. तिथला भोंगा त्या सहा महिन्यांत वाजत होता की नव्हता? दोन्ही पगार थांबले असतील तर सापडलेले मूल तरीही सांभाळणे ही वेगळीच गोष्ट होते. संपाच्या बातम्यांत गिरणीवार तपशील येत, कामगारांच्या ‘क्रांति’ साप्ताहिकात आतली बाजू येई. चार दिवस चिकाटीने बसणाऱ्याला याचे उत्तर मिळू शकते. असे एक उत्तर मला दहा गहिवरलेल्या परिच्छेदांपेक्षा मोलाचे वाटते.

चाळीचेही तसेच. सरकारच्या लेबर ऑफिसने 1921-22 मध्ये कामगार कुटुंबांची पाहणी केली, तेव्हा 97 टक्के कुटुंबे एका खोलीत राहत होती. त्या एका खोलीत आणखी एक तोंड आणणे म्हणजे काय, ते या आकड्याशेजारी ठेवून वाचावे. मुंबईतल्या बालमृत्यूंचा 1921 चा आकडा हजारी साडेसहाशेच्या वर आहे. तो फुगलेला आहे हे मान्य. बाळंतपणाला बायका गावी जात, जन्माची नोंद तिकडे आणि मृत्यूची इकडे. तरीही आईच्या दुधावाचून एक मूल त्या गिरणगावात जगले, हे आपण फार सहज लिहून जातो.

आणि ते दहा रुपये! प्रत्येक लेखात ते येतात, पण दहा-बारा वर्षांच्या पोराला त्यांत किती दिवस काढता आले असते, हे एकाही लेखात नाही. लेबर ऑफिसचे मासिक ‘लेबर गॅझेट’ 1921 पासून महिन्याच्या महिन्याला ज्वारी, तांदूळ, रॉकेल, घरभाडे यांचे भाव छापत होते. गणित बसल्या जागी करता येते. त्याच सुमारास, 7 नोव्हेंबर 1938 ला, औद्योगिक कलहाच्या बिलाविरुद्ध कम्युनिस्ट आणि डॉ. आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष यांनी मिळून एक दिवसाचा संप केला, गोळीबार झाला. बारा वर्षांचा नारायण तेव्हा याच शहरात पोटामागे हिंडत होता. पुढे पहिला संप आणि मार्क्स त्याच्या कवितेत एकत्र का आले, याचा माग मला अशा दिवसांत दिसतो.

अडचण आहे ती फाइली मिळण्याची. इंग्रजी ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे अंक आता घरबसल्या संगणकावर उघडतात. मराठी दैनिकांसाठी मात्र दारोदार फिरावे लागते. एका ग्रंथालयात मला मायक्रोफिल्म आहे म्हणाले, यंत्र बंद म्हणाले, आणि दुरुस्तीला माणूस कधी येणार हे विचारले तर हसले. परिणामी गिरणगावाचा इतिहास लिहिणाराही क्रॉनिकल आणि टाइम्सवर भागवतो. ज्या भाषेत संपाच्या सभा झाल्या, त्या भाषेतला मजकूर कपाटात कसर लागून पडतो.

आपल्या कचेरीतही जुन्या अंकांचे बांधीव खंड असणारच. सगळे एकदम स्कॅन करा असे म्हणणे सोपे आहे, खर्च कोण करणार हे मलाही कळते. पण शताब्दीच्या निमित्ताने एप्रिल ते ऑक्टोबर 1928 एवढे सात महिने तरी, आपल्याकडे असतील तर, संकेतस्थळावर खुले करावेत. तेही जमत नसेल तर कुठल्या वर्षांचे खंड आहेत, ते पाहायला कुणाकडे अर्ज करायचा आणि कोणत्या वारी यायचे, हे याच सदराखाली चार ओळींत छापावे. मी आणि माझ्यासारखे दोन-तीन निवृत्त लोक रांगेत उभे राहायला तयार आहोत. आणि कचराकुंडीचा आधार लेखकाकडे असेल तर तोही छापावा, नसेल तर खुलासा करावा.

आपला,
एक जुना वाचक, डोंबिवली