ईरी कालव्याचे इंजिनीअर

चि. मुक्तास आशीर्वाद.

ईरी कालव्यासाठी न्यूयॉर्क राज्याने इंजिनीअर कुठून आणले, असं विचारलं होतंस. बाहेरून आणायचा प्रयत्न फसला. विल्यम वेस्टन या इंग्रजाला 7000 डॉलर देऊ केले, तो आला नाही. 1817 मध्ये काम निघालं ते बेंजामिन राइट आणि जेम्स गेडिस यांच्या भरवशावर. दोघेही न्यायाधीश, अनुभव जमिनी मोजण्याचा.

जमीन मोजता आली म्हणून कालवा आखता येतोच असं नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये मिडलसेक्स कालव्याच्या पहिल्या मोजणीत मेडफर्ड ते कॉन्कर्ड नदी चढ साडेअडुसष्ट फूट आला होता. याच वेस्टनने, आधी अमेरिकेत असताना, चांगली लेव्हल (उंचीतला फरक मोजायची आडवी दुर्बीण) लावून मोजला, तर 104 फूट! हद्दीच्या कामात फूटभर फरक खपतो. इथे पाणी उलटं वाहील.

चूक शिरते कुठे? दुर्बीण आडवी आहे हे दाखवणारा नळीतला बबल मध्यावर असूनही दृष्टिरेषा किंचित तिरकी असते. बॅकसाइट (मागे उभ्या केलेल्या मोजपट्टीवरचं वाचन) आणि फोरसाइट (पुढच्या पट्टीवरचं) सारख्या अंतरावर घेतल्या की दोन्हींत सारखीच चूक येते आणि वजाबाकीत निघून जाते. पृथ्वीच्या वक्रतेचंही तसंच: मैलावर ती 8 इंच, दोन मैलांवर चौपट. पण चढावर दृष्टिरेषा पुढे लगेच जमिनीला टेकते, म्हणून फोरसाइट आखूड आणि बॅकसाइट लांब पडते. प्रत्येक वेळी चूक एकाच बाजूला, म्हणून ती साठत जाते. अशा जागी बॅकसाइटही मुद्दाम आखूड घ्यायची. वेळ जातो, जाऊ दे.

राइट आणि गेडिस यांनी वेगवेगळ्या वाटांनी लेव्हल नेऊन एका ठिकाणी जुळवली. जवळपास 100 मैलांच्या फेऱ्यात फरक दोन इंचांहून कमी. पदवीपेक्षा मला हा पुरावा मोठा वाटतो.

बाकीची माणसं कामावरच घडली. जॉन जर्विस 1817 मध्ये मोजणीच्या रेषेतली झाडं तोडायला लागला, मग स्टाफ, म्हणजे ती मोजपट्टी, धरू लागला, आणि थोड्याच वर्षांत एका टप्प्याचा इंजिनीअर झाला. गणित शिकवणाऱ्या नेथन रॉबर्ट्सने लॉकपोर्टची पाच पायऱ्यांची दुहेरी लॉक (बोटी वरखाली नेणारे दरवाज्यांचे हौद) आखली. कॅनव्हास व्हाइट मात्र इंग्लंडचे कालवे पायी पाहून आला. साधा चुना पाण्याखाली घट्ट होत नाही, म्हणून लॉकच्या दगडी बांधकामाची अडचण होती. परतल्यावर त्याने चिटेनँगोजवळच्या चुनखडीपासून पाण्यात घट्ट होणारं सिमेंट केलं. ते परदेशातून मागवायची गरज मग उरली नाही.

तुझा,
बाबा